हुआ हिनमधील सहा आठवड्यांचा गोल्फ सराव: बेळगावहून गेलेल्या खेळाडूचे परीक्षण

बेळगावात मृग लागला की गोल्फ खेळणाऱ्याचे वर्ष चार महिन्यांनी लहान होते. माती पाण्याने गच्च होते, चेंडू पडल्या जागी रुततो, ग्रीनवर (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा, त्याच्या भोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) गवत कापण्याचे यंत्र फिरवता येत नाही, आणि एकदा झड लागली की आठवडेच्या आठवडे घरातल्या सतरंजीवर पटिंग (चेंडू हलक्या फटक्याने होलकडे घरंगळवणे, अशा एका फटक्याला पट म्हणतात) करण्यापलीकडे हातात काही उरत नाही. महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांत उतरण्याची माझी तयारी गेली तीन वर्षे चालू आहे आणि दर पावसाळ्यात ती पुन्हा पहिल्या पायरीवर येत होती. म्हणून गेल्या जुलैमध्ये मी थायलंडमधील हुआ हिन येथे सहा आठवड्यांच्या निवासी सरावासाठी गेले. जाण्यापूर्वी मराठीत याविषयी विचारावे असे कोणी मला मिळाले नव्हते. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या एखाद्या घरात हा खर्च करावा की नाही असा विचार चालू असेल, तर त्यांच्यासाठी हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

मी घेतलेल्या योजनेत खोली, सकाळचा नाश्ता, आठवड्यातून पाच दिवस 18 होलची एक फेरी, रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) ‘अमर्याद’ चेंडू आणि दर आठवड्याला प्रशिक्षकाबरोबर एक स्वतंत्र तास एवढ्या गोष्टी जाहीर केलेल्या होत्या. विमानभाडे सोडून मला सुमारे पावणेतीन लाख रुपये भरावे लागले. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा मिळालेल्या रकमेतून हे पैसे आले, त्यामुळे एकेका दिवसाचा हिशेब मी वहीत लिहून ठेवला होता. संस्थेचे नाव मी देत नाही. माझ्या तक्रारींपैकी काही तिने नंतर मान्य केल्या आणि थोडी रक्कम परतही केली. शिवाय अशा योजना चालवणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत आणि त्यांच्या जाहिराती एकमेकींसारख्याच असतात, तेव्हा येथे लिहिलेले प्रश्न कोणत्याही संस्थेला विचारता येतील.

जुलै-ऑगस्टमध्ये थायलंडला जाण्याचे ठरवल्यावर बहुतेकांनी मला वेड्यात काढले, कारण तेथेही तेव्हा पावसाळाच असतो. मात्र हुआ हिनचे स्थान वेगळे आहे. पश्चिमेकडे म्यानमारच्या सीमेवर डोंगरांची रांग आहे, नैर्ऋत्येचे ढग तिच्यावर रिते होतात आणि पूर्वेकडच्या किनाऱ्यावर त्या महिन्यांत पाऊस बेताचाच पडतो. जांबोटी-कणकुंबीला मुसळधार कोसळत असताना अथणीचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो, तसाच हा प्रकार आहे. त्या सहा आठवड्यांत पावसामुळे माझ्या चार फेऱ्या अर्धवट राहिल्या आणि एकच दिवस पूर्ण वाया गेला. तेथला मोठा पाऊस ऑक्टोबरच्या सुमारास येतो, म्हणजे आपल्याकडचे वाया जाणारे दिवस तेथे नेमके वापरता येतात. योजनेचा हा भाग मला पूर्ण पटला.

प्रवासाविषयी थोडक्यात सांगते. बेळगावच्या सांब्रा विमानतळावरून बेंगळुरू, तेथून बँकॉक आणि सुवर्णभूमी विमानतळावरून थेट बसने हुआ हिन असा मी गेले. बसचे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्या वेळी भारतीय पासपोर्टवर 60 दिवस व्हिसाशिवाय राहता येत होते, तरी हे नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. माझी क्लबांची, म्हणजे चेंडू मारण्याच्या काठ्यांची, बॅग माझ्याबरोबर पोहोचलीच नाही. ती तिसऱ्या दिवशी आली आणि ड्रायव्हरची (सर्वांत लांब फटक्यासाठीच्या क्लबची) दांडी मानेशी तुटलेली निघाली. विमान कंपनीने भरपाई देण्यास नकार दिला, कारण मी बॅग मऊ आवरणात दिली होती. ड्रायव्हरचे डोके काढून वेगळे गुंडाळावे आणि बॅगेत सर्वांत लांब क्लबपेक्षा उंच अशी एक मजबूत काठी उभी ठेवावी, म्हणजे वरून पडणारा भार काठीवर येतो. हे मला आधी कोणी सांगितले असते तर पहिला आठवडा उसन्या ड्रायव्हरवर काढावा लागला नसता.

आता जाहिरातीतल्या मुख्य गोष्टी. रेंज मोठी आणि नीटनेटकी होती, पण ‘अमर्याद’ चेंडूंचा अर्थ दुपारी चारनंतर अमर्याद असा निघाला. सकाळी दोनच बादल्या मिळत. आठवड्यातले पाच दिवस फटके कृत्रिम मॅटवरून मारावे लागत आणि गवताची पट्टी दोनच दिवस उघडत असे. हौशी खेळाडूला यात काही वावगे वाटणार नाही. व्यावसायिक होऊ पाहणाऱ्याला मात्र मॅट फसवते, कारण क्लब चेंडूच्या दोन बोटे मागे जमिनीला लागला तरी मॅटवरून तो घसरत पुढे जातो आणि फटका चांगला बसल्यासारखा वाटतो. तीच चूक गवतावर केली तर क्लब मातीत अडकतो आणि चेंडू वीस यार्ड अलीकडे पडतो. माझ्यात हा दोष आहे हे मला दुसऱ्या आठवड्यात गवताच्या पट्टीवर मागे राहिलेल्या चिरा पाहून कळले. प्रशिक्षकाचे सहा स्वतंत्र तास ठरले होते, त्यांपैकी मला दोनच मिळाले. उरलेले तास नऊ जणांच्या गटात गेले. प्रशिक्षक जाणकार होते आणि त्या दोन तासांत त्यांनी माझ्या डाव्या मनगटाची ठेवण सुधारली, ती आजही टिकून आहे, म्हणून त्यांना मी दोष देत नाही. दोष वेळापत्रक आखणाऱ्यांचा होता, आणि पैसे परत मिळाले तेही याच मुद्द्यावर.

पहिल्या आठवड्यात आणखी एक धडा मिळाला, आणि बेळगाव, धारवाड किंवा बेंगळुरूकडून जाणाऱ्या प्रत्येकाने तो आधीच माहीत करून घ्यावा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. येथील हवा किंचित विरळ असल्यामुळे चेंडू समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत साधारण तीन टक्के जास्त लांब जातो, म्हणजे दीडशे यार्डांच्या फटक्यात चार-साडेचार यार्डांचा फरक पडतो. तेथील उष्म्यामुळे थोडी भर पडते, परंतु दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा ती खाऊन टाकतो. पहिल्या तीन दिवसांत माझे ग्रीनवर जाणारे जवळजवळ सगळे फटके अलीकडच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) पडले आणि मला वाटले की उसन्या क्लबांमुळे असे होत आहे. चौथ्या दिवशी माझ्या स्वतःच्या क्लबांनीही तेच झाले, तेव्हा मी प्रत्येक क्लबचे अंतर नव्याने मोजून वहीत लिहिले.

या सरावाची खरी किंमत जाहिरातीत एका ओळीतही न आलेल्या गोष्टीत होती, ती म्हणजे क्लबहाउसच्या मागचे सरावाचे ग्रीन आणि त्याला लागून असलेली चिपिंगची (ग्रीनजवळून चेंडू थोडा उचलून मारण्याच्या सरावाची) जागा. गवत बर्म्युडा जातीचे आणि रोज पहाटे कापलेले असे. ग्रीनचा वेग स्टिंपमीटरने मोजतात. ही सुमारे तीन फूट लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिच्या खाचेत चेंडू ठेवून ती हळूहळू उचलायची आणि घरंगळलेला चेंडू सपाट जागेवर किती फूट गेला ते पाहायचे. मी शिकत असताना ज्या ग्रीनवर खेळले ती सात फुटांच्या आसपासची होती, आणि येथे फलकावर बहुतेक दिवशी 10 लिहिलेले असे. आकड्यात हा फरक लहान दिसतो, पण हाताला तो फार मोठा जाणवतो. आपल्याकडे जो पट होलपर्यंत पोहोचवण्यासाठी मनगट लागते, तोच येथे होलच्या पुढे पाच फूट जाऊन थांबतो, आणि मग परतीचा पट उताराचा असतो. पहिल्या फेरीत मी 41 पट घेतले. तो आकडा लिहिताना माझी मान खाली गेली होती, पण नेमका तोच सुधारण्यासाठी मी घर सोडले होते. या ग्रीनवर सकाळी सहा ते संध्याकाळी दिवे लागेपर्यंत कितीही वेळ थांबता येत असे. कोणी हटकत नसे आणि चेंडू मोजत नसे. मी रोज तीन तास तेथे घालवले. शेवटच्या आठवड्यातील पाच फेऱ्यांत एकदाही 32 पटांपेक्षा जास्त लागले नाहीत.

बर्म्युडा गवताची दुसरी परीक्षा म्हणजे त्याचा कल, ज्याला खेळाडू ग्रेन म्हणतात. हे गवत जमिनीलगत एका दिशेला झुकून वाढते आणि चेंडू त्या दिशेने सहज, तर उलट दिशेने अडखळत जातो. आडवा असेल तर उताराने न वळणारा चेंडूही वळतो. हे मला पुस्तकी माहीत होते. प्रत्यक्ष शिकवले ते माझ्या कॅडीने, म्हणजे खेळाडूची बॅग वाहून सोबत चालणाऱ्या मदतनिसाने.

थायलंडच्या बहुतेक मैदानांवर कॅडी घेणे सक्तीचे असते आणि कॅडी बहुतांशी स्त्रिया असतात. डोक्याला कापड, त्यावर रुंद कडांची टोपी, मनगटापर्यंत बाह्या आणि उन्हासाठी नाकापर्यंत ओढलेला रुमाल असा त्यांचा वेश पाहून मला निपाणीकडच्या तंबाखूच्या शेतात खुडणीला निघालेल्या बायांची आठवण झाली. मला मिळालेल्या बाई पंचेचाळिशीच्या असाव्यात. थाई भाषेत वडीलधाऱ्या बहिणीला ‘पी’ म्हणतात आणि धाकट्या भावंडाला ‘नोंग’. हे कळल्यावर मी त्यांना सांगितले की आमच्या बेळगावात मराठी घरातही आणि कन्नड घरातही यासाठी ‘अक्का’ हा शब्द आहे, आणि त्या दिवसापासून मी त्यांना अक्का म्हणू लागले. साय म्हणजे डावीकडे, ख्वा म्हणजे उजवीकडे, त्रोंग म्हणजे सरळ, बाव म्हणजे हलक्या हाताने, एवढ्या चार शब्दांवर आमचा बहुतेक कारभार चालला.

दुसऱ्या दिवशी बारा फुटांच्या एका पटवर मी उतार वाचून डाव्या कडेवर नेम धरला, तेव्हा अक्कांनी माझ्या बाहीला धरून मला होलपाशी नेले आणि वाकून आत बघायला लावले. होलच्या एका बाजूची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ होती आणि समोरची कड तपकिरी, किंचित फाटकी, गवताची टोके आत लोंबणारी. कापताना मुळे तुटतात ती बाजू सुकते, आणि गवताचा कल त्या फाटक्या बाजूकडे असतो. मग त्यांनी मला चेंडूच्या मागे उभे करून ग्रीनच्या रंगाकडे बोट दाखवले. माझ्या जागेवरून ते गडद, निस्तेज हिरवे दिसत होते, म्हणजे कल माझ्याकडे होता. होलच्या पलीकडून पाहिल्यावर तेच गवत चमकदार दिसले. चढ नसतानाही तो पट जोर लावून मारावा लागणार होता. मी मारला, चेंडू कडेवरून फिरून आत गेला, आणि अक्कांनी रुमालाआडून मान डोलावली. या एका दुपारसाठी मी पूर्ण योजनेला पैकीच्या पैकी गुण देईन.

खेळता खेळता ओळख वाढली. पाण्याच्या तळ्यांकाठी घोरपडीपेक्षा मोठे सरडे फिरतात, ते पाहून मी दचकले तेव्हा अक्का हसल्या. मग मी त्यांना फोनवर 2022 च्या ऑगस्टमधली बातमी दाखवली: आमच्या गावातल्या गोल्फच्या मैदानात बिबट्या शिरला होता, आसपासच्या शाळा बंद ठेवल्या होत्या आणि त्याला शोधण्यासाठी शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणावे लागले होते. त्यानंतर सरड्यांच्या विषयावर त्या माझ्याशी जरा आदराने बोलू लागल्या.

पण याच कॅडीसेवेत एक धोका आहे आणि तो मला स्पर्धेने दाखवला. चौथ्या आठवड्यात मी जवळच भरलेल्या महिलांच्या तीन दिवसांच्या स्थानिक स्पर्धेत नाव दिले होते. त्यात 54 होल आणि 36 होलनंतर कट होता, म्हणजे मागे पडलेल्या खेळाडू तेथेच बाद होत. कॅडी चिठ्ठीने वाटले गेले आणि मला दुसऱ्याच, अगदी तरुण मुलीची सोबत मिळाली. पहिल्या दिवशी मी 76 फटके मारले आणि त्यात तीन वेळा तीन-तीन पट घेतले, कारण प्रत्येक ग्रीनवर मी नकळत वाट पाहत उभी राहत होते की कोणीतरी मला नेम सांगेल. तीन आठवडे अक्कांनी चेंडू पुसून, त्यावरची रेघ नेमावर लावून माझ्यापुढे ठेवला होता आणि माझे डोळे आळशी झाले होते. नियमांप्रमाणे, खेळाडू पवित्रा घेऊ लागल्यापासून फटका मारेपर्यंत कॅडीला चेंडूमागे नेमाच्या रेषेत उभे राहता येत नाही. 2019 पासून हा नियम लागू आहे. म्हणजे शेवटचा निर्णय खेळाडूला एकटीनेच घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी मी सगळे पट स्वतः वाचले, 72 मारले आणि एका फटक्याने कट हुकला. त्या रात्री वडिलांशी फोनवर बोलताना मला रडू आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

स्पर्धेहून परतल्यावर मी अक्कांशी नवा करार केला. आधी मी पट वाचून मोठ्याने सांगायचे, मग त्यांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचे, आणि चेंडू मीच ठेवायचा. त्यांना हे पटायला दोन दिवस लागले, कारण त्यांच्या दृष्टीने खेळाडूला मदत न करणे म्हणजे कामात कसूर करणे होते. शेवटच्या दोन आठवड्यांत दहापैकी आठ वेळा त्यांचे उत्तर ‘हो’ येऊ लागले. टोकियो ऑलिंपिकमध्ये बेंगळुरूची अदिती अशोक चौथी आली तेव्हा तिची बॅग तिच्या आईने वाहिली होती. तेव्हा आम्ही सारे टीव्हीपुढे बसलो होतो आणि मला ती गोष्ट केवळ मायेची वाटली होती. आता वाटते की बॅग वाहणाऱ्याने किती बोलायचे आणि किती गप्प राहायचे, हे त्या दोघींनी वर्षानुवर्षे बसवले असले पाहिजे.

खाण्याचे मला फारसे जड गेले नाही. घरून कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गोकाकचा करदंट नेला होता. नवव्या होलनंतर करदंटाची एक वडी पुरेशी होई आणि ती उन्हात वितळतही नाही. शाकाहारी व्यक्तीने ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा, तो म्हटल्यावर मांस-मासे नसलेले जेवण मिळते. एकट्या मुलीला संध्याकाळी गावात फिरताना मला कोठेही भीती वाटली नाही. सुट्टीच्या दिवशी एकदा मी रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या रॉयल हुआ हिन मैदानावर खेळले. 1924 मध्ये सुरू झालेले हे मैदान थायलंडच्या सर्वांत जुन्या गोल्फ मैदानांपैकी एक आहे आणि ते एका ब्रिटिश रेल्वे अभियंत्याने आखले. ते डोंगराच्या कुशीत, जुन्या झाडांचे आणि अरुंद आहे. ड्रायव्हर बाजूला ठेवून डोके वापरून खेळायला लावणारे मैदान म्हणून ते मला फार आवडले.

खर्चाची एक बाजू योजनेत उघड सांगितलेली नव्हती. दर फेरीला कॅडीचे 400 बाथ शुल्क आणि साधारण तेवढीच बक्षिसी वेगळी द्यावी लागते. बक्षिसी ऐच्छिक म्हटली तरी ती या स्त्रियांच्या कमाईचा मोठा भाग असते, म्हणून ती कमी करण्याचा विचार कोणी करू नये. तीस फेऱ्यांचे 24 हजार बाथ झाले, म्हणजे अडीच रुपयांच्या हिशेबाने 60 हजार रुपये. ही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी.

ज्याला फटकाच नव्याने शिकायचा आहे, त्याने एवढे पैसे तेथे घालवू नयेत. ते काम बेंगळुरूच्या चांगल्या प्रशिक्षकाकडे निम्म्या खर्चात होईल. ज्याचा फटका बसलेला आहे आणि ज्याला वेगवान ग्रीनची सवय नाही, त्याने अवश्य जावे. नोंदणीपूर्वी मात्र गवताची पट्टी किती दिवस उघडी असते, सरावाच्या ग्रीनवर वेळेची मर्यादा आहे का, आणि प्रशिक्षकाचे तास कोणत्या तारखांना आहेत, हे लेखी मागून घ्यावे. मी पुन्हा जाईन तेव्हा ही योजना घेणार नाही. गावात महिन्याच्या भाड्याने खोली घेईन, फेऱ्या आठवड्यातून तीनच खेळेन आणि वाचलेले पैसे सरावाच्या ग्रीनवरच्या दिवसांसाठी ठेवीन. थोडे जास्तीचे शुल्क भरले तर त्या मैदानावर हवा तो कॅडी आधी राखून ठेवता येतो. अक्कांच्या गणवेशावरचा क्रमांक मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे, आणि त्यांना द्यायला कुंद्याचा डबा कोणत्या दुकानातून न्यायचा हे आईने आताच ठरवून टाकले आहे.